प्रोजेक्ट ऑनलाइन ३० सप्टेंबरला बंद: बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या कोणी तयारी केलीय का?

उद्यमबागकर

नमस्कार मंडळी,

मायक्रोसॉफ्टची प्रोजेक्ट ऑनलाइन, म्हणजे कामांची वेळापत्रकं ऑनलाइन सांभाळणारी सेवा, ३० सप्टेंबर २०२६ ला कायमची बंद होतेय. घोषणा सप्टेंबर २०२५ मध्येच झाली, १ ऑक्टोबर २०२५ पासून नव्या ग्राहकांना विक्रीही थांबली. तरी आपल्याकडे ज्याला विचारावं तो म्हणतो, बघू की, लई वेळ आहे अजून. वेळ कॅलेंडरवर दिसतो तेवढाच आहे. १४ सप्टेंबरला गणपती बसणार, २५ ला, शुक्रवारी, विसर्जन. बेळगावचं विसर्जन म्हणजे दुसऱ्या दिवशीही मिरवणूक चालूच. मग रविवार. हातात उरले सोमवार, मंगळवार, बुधवार. त्या तीन दिवसांत आयटीवाल्यांना फोन लावून बघा कोण उचलतो ते.

आमची कंपनी मध्यम आहे, इमारती आणि पाणीपुरवठ्याची कामं घेतो. साइट खानापूर, हुक्केरी, चिकोडीला, आणि सीमेपलीकडे चंदगड, गडहिंग्लजला. सगळ्या साइटची वेळापत्रकं, माणसं आणि मशिनरीचा सामाईक पूल, सुपरवायझरांचे टाइमशीट, प्रत्येक कामाची वेगळी शेअरपॉइंट वेबसाइट आणि तिच्यातली ड्रॉइंग्ज, हे सगळं तिथंच आहे.

ऑफिसात चाललेला एक गोंधळ आधी मिटवतो. लॅपटॉपवर बसवलेलं डेस्कटॉप प्रोजेक्ट बंद होत नाहीये. ब्राउझरमधून उघडतो ते प्रोजेक्ट वेब ॲप आणि त्याच्या मागचा साठा जातोय. 'प्रोजेक्ट फॉर द वेब' नावाचं जे तिसरंच प्रकरण होतं, ते २०२५ मध्येच मायक्रोसॉफ्टच्याच प्लॅनर ॲपमध्ये विलीन झालं. तिन्हींची नावं इतकी सारखी, की आमच्या अकाउंट्सनं परवा डेस्कटॉपच्या परवान्यांचं नूतनीकरणच अडवून ठेवलं. 'बंद होणाऱ्या वस्तूला पैसे कशाला' म्हणून!

प्रश्न सरळ आहे. जायचं कुठं? प्लॅनर, स्वतःचा सर्व्हर, प्रायमाव्हेरा (मोठ्या कामांच्या वेळापत्रकाचं सॉफ्टवेअर), की आणखी काही?

---

निपाणीचा_भाचा

आम्ही पहिल्यापासून एक्सेलवरच हाय, दादा. आमचं कोण बंद करालंय बघू. 😄

---

मच्छे_मशीनशॉप

भाचेबुवा, तुमच्या एक्सेलमध्ये 'फायनल', 'फायनल२' आणि 'फायनल_साहेबांनी_बघितलेलं' अशा तीन फायली असतील, पैज लावते.

आमचा मशीनशॉप आहे, कास्टिंगवर मशीनिंग करून देतो. शेड्यूल म्हणाल तर नव्या ग्राहकाचा नमुना मंजूर होईपर्यंतचं, चाळीस-पन्नास ओळींचं. आम्ही प्लॅनरच्या प्रीमियम योजनेत गेलो आणि सुखात आहोत. गँट (कामांच्या आडव्या पट्ट्यांचा तक्ता) दिसतो, कामांचं एकमेकांवरचं अवलंबित्व लावता येतं, क्रिटिकल पाथ (ज्या कामांच्या उशिरानं शेवटची तारीख ढकलते ती साखळी) दिसतो. पोरं मोबाइलवर टिकमार्क करतात. पण तुमच्यासारख्या कन्स्ट्रक्शनवाल्यांना ते पुरेल असं मी छातीठोक सांगणार नाही.

---

खानापूर_ते_हिंजवडी

धागाकर्ते, 'जायचं कुठं' हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न, काय न्यायचं. नवं सॉफ्टवेअर ऑक्टोबरातही निवडता येईल, फार तर एक महिना डेस्कटॉपवर काढाल. पण ३० तारखेनंतर जुना साठा उघडणार नाही, आणि मग कुणाच्या हातापाया पडून उपयोग नाही. मी हेच काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यात मोठी फसगत एक्सेलमध्ये होते. प्रोजेक्ट ऑनलाइनला ओडेटा फीड आहे, म्हणजे बाहेरच्या सॉफ्टवेअरला माहिती पुरवणारी जोडणी. एक्सेल किंवा पॉवर बीआय तिला जोडलं की प्रोजेक्ट, कामं, तारखा, तास, टाइमशीटच्या ओळी धडाधड खाली येतात. भरगच्च फाइल बघून साहेब खूश, झालं म्हणे बॅकअप. पण कोणतं काम कोणत्या कामावर अवलंबून आहे, ते त्या फीडमध्ये येतच नाही. लग्नातल्या वऱ्हाडाची यादी मिळते, कोण कोणाचं कोण लागतं ते मिळत नाही.

उदाहरण घ्या. तुमच्या शेड्यूलमध्ये 'स्लॅब काँक्रीट' आणि त्यानंतर 'वरचं ब्लॉकवर्क' असेल, मधे क्युरिंगसाठी ७ दिवसांचा लॅग, म्हणजे थांबा. (आयएस ४५६ या काँक्रीटच्या मानकाप्रमाणे साध्या ओपीसी सिमेंटला किमान ७ दिवस, मिश्र सिमेंट असेल तर १०. तुम्हाला माहीतच आहे.) एक्सेलमध्ये दोन तारखा येतील, १२ आणि १९. उद्या स्लॅब पाच दिवस पुढं गेला, तर १९ तारीख जागची हलणार नाही. कारण ती १९ का होती, हेच फाइलला ठाऊक नाही. म्हणून शेड्यूलसाठी एमपीपी, म्हणजे डेस्कटॉप प्रोजेक्टची स्वतःची फाइलच हवी. डेस्कटॉप प्रोजेक्ट सर्व्हरला जोडून एकेक प्रोजेक्ट उघडायचा आणि संगणकावर फाइल म्हणून जतन करायचा. टाइमशीटचं उलटं आहे. कुणी भरलं, कुणी मंजूर केलं हे एमपीपीत नसतं, तिथं ओडेटाच लागतो. म्हणजे दोन्ही करायचं, एकानं भागत नाही.

उतरवण्याआधी एक काम. फीडमध्ये फक्त प्रसिद्ध केलेला मजकूर येतो, मसुदा येत नाही. कुणीतरी फाइल चेक-आउट करून (स्वतःच्या नावावर अडकवून) नोकरी सोडून पुण्याला गेलेला असतो, प्रत्येक कंपनीत एक तरी असतोच. ॲडमिनकडून सक्तीनं चेक-इन करून घ्या, प्रसिद्ध करा, मग उतरवा.

मास्टर प्रोजेक्ट असेल, म्हणजे एका फाइलीत चार-पाच साइट घुसवलेल्या, तर त्या घुसवलेल्या दुव्यांचे पत्ते सर्व्हरचे असतात. सगळ्या उपफायली आधी एका फोल्डरमध्ये उतरवा, मग मास्टरमध्ये तिथून नव्यानं घुसवा. दोन प्रोजेक्टांमधले दुवे असतील तर तेही त्याच वेळी तपासा.

तुम्ही बनवलेले व्ह्यू, फिल्टर, टेबलं बहुतेक एंटरप्राइझ ग्लोबलमध्ये, म्हणजे सर्व्हरवरच्या कंपनीभराच्या सामाईक साच्यात असणार. ती एमपीपीबरोबर आपसूक येत नाहीत, ऑर्गनायझर उघडून फाइलीत ओढून घ्यावी लागतात. कंपनीपातळीवरचे कस्टम फील्ड, म्हणजे 'तालुका', 'निविदा क्रमांक' वगैरे, फाइलीतल्या साध्या मजकूर-फील्डमध्ये कॉपी करून ठेवा. नाहीतर ऑफलाइन फाइलीत त्यांच्यात बदल करता येणार नाही.

बेसलाइनबद्दल, म्हणजे मूळ ठरलेल्या तारखांच्या जपून ठेवलेल्या नोंदीबद्दल, सवडीने लिहितो. जेवायला बोलावतायत.

---

जांबोटीचा_पाऊस

वरच्या प्रतिसादाला +१००. एक भर घालतो, कॅलेंडर!

मी साइटवरचा माणूस. आमच्याकडं जून ते सप्टेंबर मातीकामाला हात लावता येत नाही, कणकुंबी-जांबोटी पट्ट्यात तर दहा दिवस सूर्य दिसत नाही. त्यामुळं मातीकामाला वेगळं कॅलेंडर, आतल्या प्लंबिंगला वेगळं. पूर्वी एका नव्या पोरानं वेळापत्रक दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नेलं, कॅलेंडर गेलं नाही, आणि पाइपलाइनचं खोदकाम १५ जुलैला सुरू असं दिसायला लागलं. कंत्राटदार हसत होता.

आणि आपल्या भागाचा खास त्रास. बेळगावच्या माणसांना १ नोव्हेंबरची राज्योत्सवाची सुट्टी, चंदगडच्या साइटवर ती नाही. तिकडं १९ फेब्रुवारीला शिवजयंती, इकडं सरकारी सुट्टी नाही. शिवाय बेळगावात शिवजयंतीच्या चित्ररथांची मिरवणूक वैशाखात निघते, त्या दिवशी शहरात काँक्रीटची गाडी शिरू शकत नाही. हे सगळं आम्ही कॅलेंडरात घातलंय, वर्षानुवर्षं. नव्या जागी ते जातंय का, हे पहिल्यांदा बघा. रंगीत गँट नंतर बघा.

---

कोर्टगल्ली

मी संगणकातला नाही, वकील आहे. ठेकेदारांचे वाद बघतो, म्हणून एवढंच.

मुदतवाढीच्या वादात वेळापत्रक हा पुरावा असतो. खात्यानं जागा उशिरा दिली, ड्रॉइंग उशिरा आलं, असं म्हणायचं तर मूळ ठरलेलं काय होतं आणि उशिरामुळं कोणतं काम कसं ढकललं गेलं, ते दाखवावं लागतं. कराराच्या दाव्याला १९६३ च्या मुदत कायद्यानं सर्वसाधारणपणे ३ वर्षं, आणि १९९६ च्या लवाद कायद्याच्या कलम ४३ मुळं लवादालाही तोच मुदत कायदा. काम आज संपलं म्हणून फाइल पुसली, असं चालणार नाही.

दुसरं, १ जुलै २०२४ पासून जुना पुरावा कायदा जाऊन भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ आलाय. त्याच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंद सादर करताना प्रमाणपत्र द्यावं लागतं. त्याचा 'अ' भाग पक्षकारानं भरायचा, 'ब' भाग तज्ज्ञानं, आणि फाइलचं हॅश मूल्य लिहायचं. मूळ सर्व्हर बंद झाल्यावर 'ही फाइल तिथलीच, आणि नंतर कुणी हात लावला नाही' हे सांगणं अवघड जाईल. उतरवली त्याच दिवशी हॅश काढा, कुणी उतरवली, कोणत्या यंत्रावर, ते एका कागदावर लिहून सही करा.

धारवाड खंडपीठापर्यंत गेलेल्या प्रकरणातसुद्धा तारखांच्या कागदावरूनच घोडं अडतं. आपापल्या वकिलाला विचारूनच काय ते ठरवा, हा धागा म्हणजे सल्ला नव्हे.

---

निपाणीचा_भाचा

वकीलसाहेब, हॅश म्हणजे काय ओ? आम्हाला ते जेवणातलं माहीत.

---

खानापूर_ते_हिंजवडी

भाचा, फाइलीच्या मजकुरावरून काढलेला लांबलचक आकडा समज. आत एक अक्षर बदललं की आकडा पार वेगळा येतो. विंडोजमध्ये सर्टयुटिल म्हणून आज्ञा आधीपासूनच असते, तिला फाइल दाखवून एसएचए२५६ मागायचा. आलेला आकडा वहीत नाही, ईमेलमध्ये चिकटव आणि स्वतःलाच पाठव, म्हणजे तारीखही लागते.

वकीलसाहेबांचा मुद्दा बेसलाइनला थेट लागू होतो. डेस्कटॉप प्रोजेक्टमध्ये एका वेळापत्रकात ११ बेसलाइन राहतात, एक मूळ आणि १ ते १० क्रमांकाच्या. ज्यांनी शिस्तीनं काम केलंय त्यांच्याकडं करारावेळची, पहिल्या मुदतवाढीची, दुसरीची, अशा वेगवेगळ्या असतात. वादात ती सगळी साखळी लागते. एमपीपी जतन केली की त्या सोबत येतात. पण तीच एमपीपी पुढं प्लॅनरमध्ये आयात केली तर सगळ्या बेसलाइन तिथं जातील असं गृहीत धरू नका. कामाला लावलेल्या स्वतंत्र कॅलेंडरचंही तेच. एक खरी, किचकट फाइल घ्या, आयात करा, दोन्ही पडदे शेजारी ठेवून शेवटची तारीख जुळते का बघा. विक्रेत्याच्या नमुना फाइलीवर काहीच कळत नाही, तिच्यात दहा कामं असतात आणि सगळी वेळेवर संपतात.

---

अकाउंट्सवाली_अक्का

टाइमशीटवरून बिल काढत असाल तर इकडं लक्ष द्या. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेबाच्या नोंदी त्या वर्षाच्या वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवायच्या असतात. मनुष्य-तासांवर बिल दिलं असेल तर त्याचा आधार म्हणजे ते टाइमशीट. तपासणी आली की आम्हालाच विचारतात, प्लॅनिंगवाले कुठं सापडत नाहीत.

आणि उद्यमबागकर, परवाने अडवणारं ते अकाउंट्स आमचं नव्हे ना? 😀

---

सदाशिवनगर_सिव्हिल

मला हे क्लाउडचं प्रकरण मुळातच पटत नाही. आपण पैसे भरायचे, आणि तिकडं कुणाला वाटलं की बंद. त्यापेक्षा स्वतःचा सर्व्हर बरा. आमच्या एका ओळखीच्यांकडं प्रोजेक्ट सर्व्हर २०१९ आहे, ऑफिसातल्या खोलीत, कुणाच्या बापाचं काय जात नाही.

---

खानापूर_ते_हिंजवडी

काका, तुमच्या ओळखीच्यांना आजच फोन करा. प्रोजेक्ट सर्व्हर २०१६ आणि २०१९ या दोन्हींचा आधार १४ जुलै २०२६ ला संपतो, म्हणजे प्रोजेक्ट ऑनलाइनच्याही आधी. सर्व्हर चालू राहील, पण सुरक्षेच्या दुरुस्त्या येणार नाहीत. पुढं चालू आहे ती सबस्क्रिप्शन आवृत्ती. ती शेअरपॉइंट सर्व्हरवर चालते, खाली एसक्यूएल सर्व्हर लागतो, आणि तो सांभाळायला माणूस लागतो. ज्यांच्याकडं पूर्णवेळ असा माणूस आहे, पन्नासेक मोठी कामं चालू आहेत, त्यांनी जरूर विचार करावा. उद्यमबागेत दुपारी वीज गेली की जनरेटर कोण चालू करणार, इथून सुरुवात असेल तर नको.

---

सदाशिवनगर_सिव्हिल

१४ जुलैचं माहीत नव्हतं. कळवतो त्यांना. क्लाउडबद्दलचं मत मात्र कायम.

---

हिडकल_डॅम

प्रायमाव्हेरावर दहा वर्षं काढलेला माणूस बोलतोय. मोठ्या निविदांमध्ये वेळापत्रक प्रायमाव्हेरातच द्या अशी अट असते, तिथं पर्याय नाही. पण केवळ प्रोजेक्ट ऑनलाइन बंद झालं म्हणून त्यात उडी मारू नका. शिकायला वेळ जातो, आणि तुमच्या साइट इंजिनिअरला ते येत नसेल तर प्लॅनिंगवाला एकटाच पंढरीचा वारकरी होतो.

खर्च टाळायचा असेल तर प्रोजेक्टलिब्रे फुकट आहे, एमपीपी उघडतं. जुन्या फायली बघायला उत्तम. त्यात रोजचं काम करायचं की नाही, ते तुमची फाइल किती गुंतागुंतीची त्यावर. आणि प्रत्येक एमपीपीची एक्सएमएल (साध्या मजकुराच्या रूपातली) प्रतही काढून ठेवा. डेस्कटॉप प्रोजेक्टमधूनच निघते, दुवे आणि लॅगसकट, आणि उद्या कुठलंही सॉफ्टवेअर आलं तरी ती वाचायला सोपी.

---

जांबोटीचा_पाऊस

अवांतर वाटेल पण महत्त्वाचं आहे. आमच्या फायलीत गावांची नावं कन्नडमध्ये आहेत, खात्याला तशीच द्यावी लागतात, आणि शेरे मराठीत. ओडेटावरून एक्सेलमध्ये आणलं तेव्हा सगळं नीट दिसलं. कुणीतरी ते साध्या सीएसव्हीत जतन केलं, आणि दोन्ही लिप्या प्रश्नचिन्हं होऊन बसल्या. कन्नड-मराठी वाद एका झटक्यात मिटला म्हणायचा!

जतन करताना 'सीएसव्ही यूटीएफ-८' असाच प्रकार निवडा, किंवा सरळ एक्सेलचीच फाइल ठेवा. आणि बंद करून पुन्हा उघडून बघा, तेव्हाच कळतं.

---

मच्छे_मशीनशॉप

हे मात्र आम्हालाही झालंय, ग्राहकाच्या नावांचं. धन्यवाद दादा.

कामाच्या वेबसाइटवरच्या कागदांचं कुणी बोललंच नाही. ड्रॉइंग्ज, जोखमींची यादी, अडचणींची यादी, पत्रव्यवहार. ते शेअरपॉइंटवर आहे म्हणून निर्धास्त राहायचं का?

---

खानापूर_ते_हिंजवडी

निर्धास्त अजिबात नको, ताई. त्या साइट प्रोजेक्ट वेब ॲपच्या पोटात बांधलेल्या असतात. कागद तुमच्या वेगळ्या शेअरपॉइंट साइटवर किंवा टीम्समध्ये हलवा. जोखीम-अडचणींच्या याद्या एक्सेलला निर्यात करा, पण त्यांना जोडलेली पत्रं आणि फोटो निर्यातीत येत नाहीत, ती वेगळी उतरवावी लागतात. नेमकं तेच लोक विसरतात. खात्याचं पत्र जोडलेलं असतं 'जागा ताब्यात नाही' या ओळीला, आणि एक्सेलमध्ये नुसती ओळ येते.

पॉवर ऑटोमेटवर काही आपोआप चालणारं लावलं असेल, सोमवारी सकाळी साहेबांना अहवाल जातो वगैरे, तर तेही थांबणार. कुणी लावलं होतं ते शोधून ठेवा.

---

उद्यमबागकर

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रश्न विचारताना मी दुकान कुठलं ते विचारत होतो, उत्तरं मिळाली ती घरातलं सामान बांधायची. बरंच झालं. आज मालकांबरोबर बसलो, ठरलं ते असं.

चालू कामं डेस्कटॉपवर चालवायची, फायली शेअरपॉइंटच्या एकाच फोल्डरमध्ये, प्रत्येक फाइलीचा एकच मालक. माणसं आणि मशिनरीच्या सामाईक पुलासाठी डेस्कटॉपमधलीच रिसोर्स पूल फाइल वापरून बघणार. त्याबद्दल मला शंका आहे, दोघांनी एकदम उघडली की भांडणं होतात. पण आमच्याकडं हिटाची (खोदकामाची मशीन) दोनच, क्रेन एकच, तेवढं निभेल. छोटी कामं आणि ऑफिसची कामं प्लॅनरमध्ये. प्रायमाव्हेरा फक्त निविदेत मागितलं तर. सर्व्हर नको, असं मालक म्हणाले आणि मी हूं की चूं केलं नाही.

संपलेल्या कामांपैकी ज्यांची अंतिम बिलं किंवा मुदतवाढ अडकलीय, ती आधी उतरवायची. चालू कामं त्यानंतर, कारण त्यांच्याकडं रोज कुणाचं तरी लक्ष असतंच. एमपीपी, एक्सएमएल, ओडेटाचे तक्ते आणि जोडलेली पत्रं, हॅशसकट. सगळं ऑगस्टअखेर. १ सप्टेंबरपासून जुन्या जागी कुणी काही नवं भरायचं नाही, टाइमशीटही नाही. सुपरवायझरांना महिनाभर कागदी तक्ता देणार. त्यावर त्यांचं म्हणणं, 'आम्ही आधीच सांगत होतो, कागदच बरा.'

अक्का, अकाउंट्स तुमचं नव्हे, तुम्ही निश्चिंत राहा. परवाने सुटले.

एकच शंका राहिली. चंदगडच्या फाइलीत चार वर्षांपूर्वीच्या बेसलाइन आहेत आणि त्यांच्या तारखा आता चंदगडच्या कॅलेंडराशी जुळत नाहीत, कारण मधे कुणीतरी ते कॅलेंडरच बदललं. उतरवण्याआधी दुरुस्त करू का?

---

कोर्टगल्ली

मुळीच नाही. आहे तशीच उतरवा, हॅश काढा, बाजूला ठेवा. दुरुस्ती करायची ती प्रतीवर, आणि काय बदललं ते प्रतीच्या शेऱ्यात लिहा.

---

खानापूर_ते_हिंजवडी

वकीलसाहेबांशी सहमत. बेसलाइनच्या तारखा जतन करतानाच गोठलेल्या असतात, कॅलेंडर बदललं तरी त्या हलत नाहीत, म्हणून तर जुळत नाहीयेत. जुनं कॅलेंडर कुठल्या तरी जुन्या एमपीपीत सापडेल. ज्या अभियंत्यानं ते काम सुरू केलं, त्याच्या लॅपटॉपवर आधी शोधा.

---

उद्यमबागकर

तो आता कुडाळला असतो. फोन लावतो.